गरिबी, जबाबदारी आणि सरकारी मदत: वाडीतली चर्चा कशी घ्यावी

गणपतीत मुंबईची माणसं गावात आली, रात्रीची आरती आटोपली, पडवीत चहा फिरला की तासाभरात विषय हमखास इथे येतो: सरकार सगळं फुकट देतं, म्हणून कोणी कामाला येत नाही. एक जण म्हणतो, "कामाक माणूस गावना नाय." दुसरा म्हणतो, पोट भरलेल्याने उपाशी माणसाला शहाणपण शिकवू नये. मग कुणातरी शेजारणीचं नाव निघतं, आवाज चढतात आणि विषय तिथेच मोडतो. पुढच्या गणपतीत पुन्हा तेच.

हा वाद टाळू नये. त्यात कराचा पैसा आहे आणि माणसांची अब्रूही आहे. पण तो पडवीत गप्पांच्या भरात न होता नीट मांडून व्हावा. खाली दिलेली पद्धत रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत, वाचनालयात, बचत गटात किंवा कॉलेजात 25 ते 30 माणसांना दोन तासांत पुरते. तिचा गाभा एवढाच: "गरीब माणूस" या शब्दावर भांडायचं नाही. एका घराचा बारा महिन्यांचा हिशेब फळ्यावर लिहायचा आणि जे काही भांडण असेल ते त्या हिशेबावर करायचं.

दिवस, वेळ, जागा

जुलैचा शेवटचा आठवडा ते नारळी पौर्णिमा हा काळ धरा. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस बंद असते, त्यामुळे खलाशी घरी असतात. लावणी उरकलेली असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबंही पावसाळ्यात आपल्या वाडीवर असतात. हीच चर्चा जानेवारीत ठेवलीत तर ज्यांच्याबद्दल बोलायचं तीच माणसं गावात नसतील, आणि ती नसल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही.

चाकरमान्यांसाठी गणपतीत दुसरी फेरी घ्या, पण पहिली त्यांच्याशिवायच होऊ द्या. ते पहिल्या फेरीला असले की विषय हटकून "मुंबईत आम्ही कसे दिवस काढले" यावर जातो आणि गावातली माणसं गप्प बसतात.

वेळ दुपारी 4 ते 6. सातनंतर बायका येत नाहीत, आल्या तरी अर्धं लक्ष चुलीकडे असतं. जागा मराठी शाळेचा वर्ग. देवळाच्या सभामंडपात मानपानाचा क्रम आपोआप बसतो आणि ज्याला तिथे मागे बसायची सवय आहे तो बोलतही मागूनच. सतरंजीवर गोल बसवा. समोरासमोर दोन रांगा केल्या की दोन पक्ष तयार होतात.

चर्चा चालवणारा माणूस सरपंच, रेशन दुकानदार, बोटमालक किंवा मोठा बागायतदार नसावा. त्यांनी बोलावं, जरूर बोलावं, पण वेळ त्यांच्या हातात नको. निवृत्त शिक्षक किंवा ग्रंथपाल चालेल. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कुणाला दुसरी संधी नाही.

प्रश्न असा लिहा की उत्तर देता येईल

"फुकट योजना बंद कराव्यात का?" हा प्रश्न ठेवलात तर दोन तास वाया गेले म्हणून समजा. त्यात रेशन आलं, पेन्शन आली, वादळाची भरपाई आली, शाळेतली खिचडी आली, आणि प्रत्येक जण मनात वेगळी योजना धरून बोलतो. प्रश्नात एक योजना, एक रक्कम आणि एक बदल हवा. उदाहरणार्थ:

- मोफत मिळणारा रेशनचा तांदूळ पुन्हा 3 रुपये किलो करावा का?
- मासेमारी बंदीच्या 61 दिवसांत खलाशाला निर्वाह भत्ता द्यावा का, आणि त्यातला किती भार बोटमालकाने उचलावा?
- संजय गांधी निराधार योजनेची वर्षाला 21,000 रुपयांची उत्पन्नाची अट बदलावी का?
- लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये सरसकट द्यावेत की कमी घरांना जास्त द्यावेत?

यांतला एकच निवडा. दोन घेतले की दोन्ही अर्धे राहतात.

आधी जमवायचं एक पान

चर्चेच्या आठ दिवस आधी दोन माणसांनी एक पान तयार करायचं, हाताने लिहिलेलं चालेल. त्यात निवडलेल्या योजनेचं नाव, कधीपासून सुरू, कुणाला, किती, उत्पन्नाची अट काय एवढंच. योजना नेत्याच्या किंवा पक्षाच्या नावाने न ओळखता वर्षाने ओळखा. पक्ष आला की माणसं हिशेब सोडून बाजू घेतात.

रेशनपुरतं पान असं दिसेल. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदय कार्डाला घरटी 35 किलो. पूर्वी तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये, भरडधान्य 1 रुपया किलो. 1 जानेवारी 2023 पासून मोफत. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी ठरलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये. अटी बदलत असतात, म्हणून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाऊन एकदा खात्री करून घ्या.

रोजगार हमीवर बोलायचं असेल तर जास्त काळजी घ्या. 2005 च्या केंद्रीय कायद्यात 100 दिवसांची हमी होती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात 125 दिवस आहेत. बैठकीत निम्मे लोक जुन्या कायद्याबद्दल आणि निम्मे नव्याबद्दल बोलत राहिले तर मेळ बसणार नाही, तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाका.

फळ्याचा एक कोपरा रिकामा ठेवा आणि त्यावर "तपासायचं" असं लिहा. मोबाइलवर आलेला आकडा कुणी सांगितला की तो त्या कोपऱ्यात जातो. त्यावर वाद नाही, टिंगल नाही. पुढच्या बैठकीपर्यंत ज्याने सांगितला त्यानेच तो तपासून आणायचा. एवढ्या एका नियमाने अर्धी आरडाओरड थांबते.

फळ्यावरचं घर

आता मुख्य काम. याला पाऊण तास द्या. गावातलं खरं घर घेऊ नका, नमुन्याचं घर बनवा, पण आकडे तुमच्या बंदरातले घाला. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत.

घरात पाच माणसं. नवरा खलाशी, ऑगस्ट ते मे दहा महिने, महिना 14,000: वर्षाचे 1,40,000. बायको बंदरावर मासळी निवडते, सुकवते. वर्षात 100 दिवस, रोज 250: 25,000. एकूण 1,65,000. जून आणि जुलैच्या चौकटीत शून्य लिहा, मोठं लिहा. घरखर्च महिना 13,000 धरा, वर्षाचे 1,56,000. खाली उरले 9,000. या 9,000 मध्ये आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी, कौलांवरची ताडपत्री, जूनची शाळा, गणपती आणि वर्षभरातलं आजारपण.

इथे कुणीतरी म्हणेल की दहा महिने कमावतो तर दोन महिन्यांचे बाजूला का नाही टाकत. अगदी रास्त प्रश्न आहे, तो दाबू नका, फळ्यावरच सोडवा. हंगामात महिन्याची घरची मिळकत 14,000 अधिक बायकोचे सरासरी 2,500, म्हणजे 16,500. खर्च जाऊन 3,500 उरतात. दहा महिन्यांचे 35,000. जून-जुलैला लागतात 26,000. म्हणजे कागदावर बचत जमते. प्रश्न विचारणारा चुकीचा नाही.

मग आता उचल लिहा. मागच्या जूनमध्ये या खलाशाने मालकाकडून 20,000 अंगावर घेतले होते. ते ऑगस्टपासून महिना 2,000 असे कापले जातात. हातात उरतात 1,500. पुढचा जून येतो तेव्हा गाठीला पुरेसे नसतात, पुन्हा 20,000 घेतले जातात. हे घर दर वर्षी मागच्या जूनची परतफेड करत असतं. शिवाय उचल अंगावर असेतो दुसऱ्या बोटीवर जादा पगार मिळाला तरी खलाशी जाऊ शकत नाही, हा तोटा चौकटीत दिसत नाही म्हणून बाजूला लिहा.

हा हिशेब फळ्यावर आला की चर्चेचा सूर बदलतो. आता कुणी "आळशी" म्हणत नाही. प्रश्न होतो की या घराला एकदाच 20,000 ची गाठ सोडवायला काय लागेल. सरकारची बचत-नि-मदत योजना आहे: मच्छीमाराने 1,500 भरायचे, केंद्र आणि राज्य मिळून 3,000 घालतात, बंदीच्या काळात 4,500 मिळतात. पण तिला मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व लागतं, आणि 26,000 च्या खड्ड्यात 4,500 किती भरणार हेही सगळ्यांना दिसतं. तोडगे लोकच सुचवतात: संस्थेने पगारातूनच महिना 500 कापून ठेवावेत, बचत गटाने मे महिन्यात बिनव्याजी द्यावेत, मालकाने उचलीऐवजी बारा महिन्यांत पगार वाटून द्यावा.

यानंतर तीन रंगांचे खडू घ्या. घराच्या हातात असलेल्या गोष्टी पांढऱ्याने, निम्म्या हातात असलेल्या पिवळ्याने, हाताबाहेरच्या लाल खडूने गोल करा. गणपतीचा खर्च, दारू, मुलीची शाळा सोडवायची की नाही: पांढरा. उचल: पिवळा. 61 दिवसांची बंदी, मासळीचा भाव, वादळ: लाल. तपकीर, तंबाखूमुळे झालेला आजार कोणत्या रंगात यावर वाद होईल. होऊ द्या. व्यक्तीच्या जबाबदारीवरची खरी चर्चा तीच, आणि ती एका ठोस गोष्टीवर होते आहे.

रंग लागल्यावर उत्पन्नाच्या अटी तपासा. या घराचं उत्पन्न 1,65,000. प्राधान्य रेशन कार्डाची ग्रामीण मर्यादा 44,000, म्हणजे नियमाने हे घर बाहेर. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख, म्हणजे हेच घर आत. एकाच कुटुंबाला एक कागद गरीब म्हणतो, दुसरा म्हणत नाही. आणखी एक भागाकार करा: 44,000 भागिले पाच माणसं भागिले बारा महिने, माणशी 733 रुपये. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी ठरलेली देशाची ग्रामीण दारिद्र्यरेषा होती माणशी महिना 816. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या रेषेपेक्षाही खालची मर्यादा! अशी मर्यादा असली की दाखलेही तिच्या मापाने शिवले जातात. उत्पन्नाचे खोटे दाखले हा लोकांच्या अप्रामाणिकपणाचा भाग आहेच, पण तेवढाच नाही.

वेळ उरला तर दुसरं घर घ्या: सामाईक सातबाऱ्यावरचं. तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही मयत, वारस नोंद नाही. राबणारा एकटा, पण कलमं लावायची, विहीर घ्यायची, कर्ज काढायचं तर सगळ्यांची संमती लागते. कष्ट केले की फळ मिळतं हे तत्त्व या घराला लावून पाहा.

"कामाला माणूस मिळत नाही"

ही तक्रार बागायतदारांची आहे आणि ती खरी आहे. तिला बनाव म्हणू नका. फक्त तक्रार करणाऱ्याला पाच गोष्टी विचारा: कोणत्या महिन्यात माणूस हवा होता, किती दिवस, मजुरी किती, पुरुषाला आणि बाईला वेगळी का, जाण्यायेण्याला किती वेळ. बहुतेकदा असं दिसतं की लावणीच्या तीन आठवड्यांत, बेणणीला आणि आंबा उतरवताना सगळ्यांनाच एकदम माणसं हवी असतात आणि उरलेल्या महिन्यांत कुणालाच नको असतात. वर्षातल्या सत्तर-ऐंशी दिवसांच्या कामावर कोणी गावात राहत नाही.

मग तारखा मांडा. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 झाली. रत्नागिरीत 2011 साली हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, कारण पुरुष बाहेर. अन्न सुरक्षा कायदा आला 2013 मध्ये, लाडकी बहीण जुलै 2024 मध्ये. माणसं त्याआधीच गेली होती. योजनांमुळे माणूस मिळेनासा झाला असं म्हणणाऱ्याला हा क्रम समजावून सांगावा लागेल.

रेशन मोफत झाल्याने आळस वाढला, हे म्हणणंही मोजून पाहता येतं. पाच माणसांचं घर, 25 किलो, सगळा तांदूळ धरला तरी 3 रुपयांनी 75 रुपये. मोफत झाल्याने त्या घराचे महिन्याला फार तर 75 रुपये वाचले. मोठी सवलत होती ती आधीपासूनची: दुकानात तांदूळ 40 रुपये धरला तर 25 किलोचे 1,000, त्यातून 75 वजा जाता 925. तेव्हा वाद करायचाच तर त्या 925 वर करा, 75 वर नको.

1,500 रुपयांचं मोजमाप जरा वेगळं. बाईची रोजची मजुरी 300 असेल तर ते पाच दिवसांचं काम. साठीची बाई गुडघाभर चिखलात लावणीला जायची थांबली, असं गावात खरंच होऊ शकतं. बागायतदाराचं त्यात नुकसान आहे आणि ते त्याने मोकळेपणी सांगावं. आम्ही मात्र याला आळस म्हणणार नाही. ज्या कामाला नाही म्हणायची सोय तिला कधी नव्हती, त्याला ती आता नाही म्हणते आहे.

जगभरचा अनुभव कुणी विचारला तर दोन्ही बाजू सांगा. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख मदत योजना तपासल्या आणि लोकांनी काम कमी केल्याचा ठाम पुरावा त्यांना सापडला नाही. दुसरीकडे, अमेरिकेत 1968 ते 1982 दरम्यान हमी उत्पन्नाचे जे प्रयोग झाले त्यांत कामाचे तास थोडे कमी झालेले दिसले. रक्कम किती, किती काळ, आणि काम वाढलं तर मदत किती वेगाने कापली जाते, यावर ते ठरतं.

जबाबदारीची बाजू पूर्ण ताकदीने मांडू द्या

सुशिक्षित माणसांनी चालवलेल्या चर्चेत नेमकी हीच बाजू कच्ची राहते. ती मांडणाऱ्याला लगेच निर्दयी ठरवलं जातं आणि मग तो माणूस बैठकीत गप्प बसून नाक्यावर बोलतो. त्याच्याकडे खरे मुद्दे असतात. पैसा येतो कुठून? लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला 46,000 कोटींचा अंदाज सांगितला गेला होता. तो पैसा रस्ता, दवाखाना, एसटीतून कुठून तरी कमी होणार. निकषात न बसणारे लाभ घेतात आणि खरी गरजू म्हातारी थम, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लागत नाही म्हणून रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रापासून परत जाते. घरात आलेला पैसा दारूच्या गुत्त्यावर जातो, हे बायकाच सांगतात.

या बाजूला बळ द्यायचं तर महाराष्ट्राचाच इतिहास पुरेसा आहे. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना उभी राहिली. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम केल्याशिवाय पैसे नाहीत. ज्याला गरज नाही तो उन्हात माती वाहायला येत नाही, त्यामुळे लाभार्थी निवडायला दाखला लागत नाही. मदत आणि जबाबदारी एकाच योजनेत होती.

तिचा पैसा कुठून आला हे गणपतीच्या फेरीत चाकरमान्यांना दाखवा. पगाराच्या पावतीवर व्यवसाय कर म्हणून महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500 कापलेले दिसतील. हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठीच सुरू झाला. गिरणगावातल्या, फोर्टमधल्या पगारातून कापलेले पैसे आडगावच्या मातीकामाला गेले. "आमच्या पैशावर" असं म्हणणाऱ्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, आणि त्यातच अभिमानाचीही जागा आहे.

कोकणाला त्याच योजनेने कलमं दिली. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड 100 टक्के अनुदानावर झाली. आज ज्या बागांना माणूस मिळत नाही त्यातल्या अनेक तेव्हाच्या आहेत. पुढे 2018-19 मध्ये आलेल्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं मिळतं, तेही जगलेली झाडं मोजून. बागायतदाराला खिजवण्यासाठी हे सांगू नका. प्रश्न असा ठेवा: हाच साचा खलाशाला, वीटभट्टीवरच्या कातकऱ्याला कसा लावता येईल, ज्यांच्याकडे सातबारा नाही?

आणि "आमच्या बापजाद्यांनी कष्टाने मिळवलं" हे कुणी म्हटलं तर त्यांच्या सातबाऱ्याचे जुने फेरफार काढायला सांगा. कुळाच्या घरात 32 ग आणि 32 म असे कूळ कायद्याच्या कलमांचे शेरे सापडतील. कष्ट शंभर वर्षं होतेच. जमीन नावावर आली ती खोतीविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 केलेल्या संपानंतर, 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात मांडलेल्या विधेयकानंतर, 1949 च्या खोती निर्मूलन कायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने. कष्ट आणि कायदा दोन्ही लागले.

तत्त्वाचा मुद्दा, म्हणजे मदत हक्क की उपकार, पाच मिनिटांत आटपा. संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार, विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याची तरतूद राज्याने करावी असं आहे, आणि त्याच वाक्यात "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" असंही आहे. दोन्ही बाजूंना त्यात पाय ठेवायला जागा आहे.

काठावरची अट

हा भाग बहुतेक चर्चांत सुटतो, म्हणून वेगळा लिहितो. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना 1,500 मिळतात आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत असावं लागतं, नाहीतर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव. समजा एका विधवेने रोजगार हमीवर काम घेतलं. 2025-26 चा महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये. 67 दिवसांचे झाले 20,904. अडुसष्टाव्या दिवशी 21,216. त्या एका दिवसाच्या 312 रुपयांनी वर्षाचे 18,000 जाऊ शकतात.

ती 67 दिवसांवर थांबली तर तिला आळशी म्हणायचं की हिशेबी? काम करणाऱ्याला शिक्षा होईल अशी अट योजनेत असते आणि आपण दोष माणसाला देतो. चर्चेत कोणतीही योजना आली की हाच प्रश्न विचारा: एक रुपया जास्त कमावला तर काय जातं? उपायही लोकांना लगेच सुचतो: एकदम बंद करण्याऐवजी वरच्या कमाईच्या निम्मी मदत हळूहळू कापावी. जबाबदारीवाले आणि मदतवाले या एका गोष्टीवर सहसा एकमत होतात, म्हणून हा भाग शेवटच्या अर्ध्या तासात घ्या.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त बिघडतं ते नाव घेतल्याने. "त्या खालच्या वाडीतल्या अमक्याकडे गाडी आहे आणि रेशनही घेतो." पहिल्याच मिनिटाला नियम सांगा: नाव नाही, घर नाही, वाडी नाही, जात नाही. एकदा मोडला तर थांबवा, दुसऱ्यांदा मोडला तर त्या माणसाची पाळी संपली. तक्रार खरी असेल तर तिला अर्जाची वाट आहे, बैठक नव्हे.

लाभार्थीला उभं करून "तुम्ही सांगा बरं तुमची परिस्थिती" असं कधी म्हणू नका. हेतू चांगला असतो, पण त्या माणसाची सगळ्यांसमोर झडती होते. त्याला सांगायचं असेल तर तो फळ्यावरच्या घराचा आकडा सुधारून सांगेल: "13,000 नाय पुरत, पंधरा धरा." तेवढं पुरे.

तिसरी चूक म्हणजे एकाच्या उदाहरणाला दुसऱ्याचं उदाहरण. एकाने दारुड्या सांगितला, दुसऱ्याने कष्टाळू विधवा सांगितली, असं तासभर चालू शकतं. चालवणाऱ्याने विचारावं: आपल्या वाडीत अशी घरं दहात किती? अंदाज वेगवेगळे येतील, ते सगळे लिहा. मतभेद केवढ्याचा आहे ते कळतं. पुष्कळदा तो दहात दोन की दहात तीन एवढाच निघतो.

चौथी, बागायतदारांच्या व्याजसवलतीचा, मच्छीमारांच्या डिझेल परताव्याचा, निसर्ग आणि तौक्ते वादळांच्या भरपाईचा हिशेब टोमण्यासारखा काढणं. हे आकडे फळ्यावर यायला हवेत, कारण कोकणात कुठलीच मदत न घेतलेलं घर क्वचितच सापडेल. पण ते चर्चेच्या सुरुवातीला, सगळ्यांचे मिळून लिहा. कुणी काही बोलल्यावर त्याच्या तोंडावर फेकू नका.

शेवटची वीस मिनिटं

मतदान घेऊ नका, हात वर करायला लावले की माणसं मालकाकडे बघतात. त्याऐवजी तीन ओळी लिहून घ्या: कशावर एकमत झालं, कशावर झालं नाही, काय तपासायचं. एकमत झालेल्या गोष्टीत गावाच्या हातातलं काही असेल, उदाहरणार्थ थम न लागणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी, सामाईक सातबाऱ्यांच्या वारस नोंदींसाठी वाडीत तलाठ्याचं शिबिर, बचत गटाचं मे महिन्याचं बिनव्याजी कर्ज, तर ते ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावं म्हणून ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या. 15 ऑगस्टच्या आसपास ग्रामसभा असते, तिच्याआधी महिलांची सभा होते. बायकांचे मुद्दे आधी तिथे मांडा. ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतलं जे कमी ते लागतं. तुमच्या बैठकीतली 25-30 माणसं तिथे आली तर वजन पडतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घालून पोच घ्या, आणि फळा पुसण्याआधी त्याचा फोटो काढा. गणपतीतली दुसरी फेरी त्याच घरापासून सुरू करायची आहे.